भिंतीवरचे बूट

बेटावर आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी, आणि दोघांत मिळून धड बोलणारं माणूस एकही नव्हतं. बाबांना बोलायला पेशंट लागायचा. समोर कुणी खोकत-कण्हत बसलं की त्यांची जीभ मोकळी व्हायची. पेशंट गेला, सर्जरीचं, म्हणजे दवाखान्याचं, दार लागलं की घर पुन्हा चिडीचूप. मीही त्या काळात अशी घुमी झाले होते की आई फोनवर म्हणायची, "अगं मेधा, आहेस ना तिकडे, की रिसीव्हर ठेवून गेलीस कुठे?" आता लंडनला एजवेअरच्या या घरात माझी अखंड बडबड ऐकून कान किटलेली मंडळी यावर विश्वास ठेवत नाहीत. नका ठेवू. पण होतं ते असं होतं.

आम्ही तिथे कसे पोचलो ते चटकन सांगून टाकते. आई-बाबा दोघंही इंग्लंडात, लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर. आई भूलतज्ज्ञ, कामाला वाघीण. बाबांना मात्र वरची जागा कधी मिळालीच नाही; दर वेळी त्यांनीच हाताखाली शिकवलेला कुणी गोरा पोरगा त्यांना ओलांडून पुढे जायचा, आणि बाबा घरी येऊन म्हणायचे, "चांगला मुलगा आहे तो." मग एक दिवस त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेला, नकाशावर माशी बसल्यासारख्या दिसणाऱ्या एका बेटावर जीपीची जागा घेतली. अख्ख्या बेटाला एकच डॉक्टर, डोक्यावर कुणी नाही. आई म्हणाली, "मी येणार नाही." भांडण नाही, आदळआपट नाही, आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. बाबा बॅग भरायला बसले, आणि त्यांना स्वतःच्या मोज्यांचे जोडसुद्धा जुळवता येत नाहीयेत हे बघून मी म्हटलं, "मीपण जाते बाबांबरोबर." मी पंधराची होते. आईने एकच अट घातली. तिचा धाकटा भाऊ हर्णैला पोहायला गेला तो परत आला नव्हता. ती म्हणाली, "जा. पण समुद्राचं काहीही वेडंवाकडं माझ्या कानावर आलं, तर त्याच आठवड्यात तू लीड्सला परत. मग तुझे बाबा एकटे राहोत की दुकटे." म्हणजे मामला सरळ होता. माझ्या हातून काही झालं की बाबा एकटे पडणार.

ते बेट म्हणजे कधीकाळी विझलेल्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर उरलेला तुकडा. काळे कडे, काळी वाळू, आणि झाड औषधालासुद्धा नाही. बाबा वाईकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी घरामागच्या कड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तर आपल्या सह्याद्रीचाच दगड गं!" इतका आनंद मी लीड्समध्ये त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. घराच्या पुढच्या खोल्यांत सर्जरी, मागे आम्ही. स्वयंपाकघरात कोळशाची मोठी शेगडी होती. ती विझली की घरातलं गरम पाणीही बंद, त्यामुळे तिची मर्जी सांभाळणं हे माझं काम. धुराड्यातून वारा खाली उतरून दिवसभर 'हूं हूं' करत बसायचा, आणि सुरुवातीला मला वाटायचं की बाबाच हुंकार देताहेत. आई पार्सलने डाळीचं पीठ, गोडा मसाला, सुक्या मिरच्या पाठवायची. त्यावर आमचं पिठलं आणि आमटी चालायची, शेगडीवरच्या फळीवर मटकीला मोड यायचे. पेशंट प्रेमाने दाराशी बादलीत ताजे बांगडे ठेवून जायचे. आता आम्ही पडलो वरणभातवाले! बाबा त्या डोळे वटारलेल्या बांगड्यांना अदबीने 'गुड मॉर्निंग' म्हणून बादलीला वळसा घालून जायचे. शेवटी मीच ते तळायला शिकले. एक दिवस बाबांनी माझ्या ताटातला तुकडा हळूच चाखला आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस." आईला न सांगण्याच्या गोष्टींची सुरुवात आमच्याकडे अशी बांगड्यापासून झाली.

बाबांची एक खोड इथे सांगायला हवी. ते बुटांच्या बाबतीत हळवे होते. शाळेला अनवाणी गेलेला माणूस. पायात पहिले बूट आले ते मेडिकलला गेल्यावर, तेही कुणाचे तरी वापरलेले. त्यामुळे कातडी बूट पावसात भिजत पडलेला दिसला की त्यांना ताटातलं अन्न कुणी पायाखाली तुडवल्यासारखं व्हायचं. रोज संध्याकाळी ते शेगडीपुढे स्टूल घेऊन बसत आणि माझे न् स्वतःचे बूट पुसत. ओले असले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत, मग पॉलिश. माझ्या डोक्यावरून हात फिरवणं त्यांना कधी जमलं नाही. बुटांवरून मात्र रोज फिरायचा. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

शाळेत माझ्या वयाची मुलं बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळी एकमेकांची मावस-चुलत भावंडं. वाईट कुणीच नव्हतं. वाढदिवसाला बोलवायची, केक द्यायची, आणि मग आपापसांत अशा माणसांबद्दल बोलायला लागायची जी मी जन्मात पाहिली नव्हती. मी कोपऱ्यात केक खात बसायची. परत येताना वाऱ्याला तोंड देत तो लांबलचक रस्ता, आणि घरी आल्यावर बाबा विचारणार, "कसं झालं?" मी म्हणणार, "छान." संपला संवाद. कुणी छळलं असतं तर रडता तरी आलं असतं. इथे सगळे चांगले, आणि मी मात्र एकटी. याचं करायचं काय ते मला कळत नव्हतं.

अशात मोराग भेटली. आमच्या घरापासून मैलभरावर एक छोटी खाडी होती, तिच्या वरच्या अंगाला ती राहायची. चाळिशीची, एकटी, मेंढ्या पाळणारी, तोंडाने फटकळ. तरुणपणी ऑस्ट्रेलियात राहून आली होती आणि येताना दोन सर्फबोर्ड आणि एक कामातून गेलेला गुडघा घेऊन आली होती. बाबांनी त्या गुडघ्याच्या गोळ्या माझ्या हाती तिच्याकडे पाठवल्या. तिच्या गोठ्यात भिंतीला टेकवलेले ते बोर्ड मी बघत राहिले. ती म्हणाली (बोलायची अर्थात इंग्रजीत, पण मला ती आता मराठीतच आठवते), "पोहता येतं का?" मी म्हटलं, "लीड्सच्या स्विमिंग बाथमध्ये शिकलेय." "मग अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं म्हणजे थंडी." तिने तिचा जुना रबरी वेटसूट माझ्यावर चढवला, आणि वसंत आणि उन्हाळाभर मला खाडीतल्या वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात, पडायला शिकवलं. हो, पडायलाच. "उभं राहणं आपोआप येतं," म्हणायची, "नीट पडणं शिकावं लागतं." बाबांना मी सांगितलं होतं की मी मोरागबरोबर ऊन असलं की पाण्यात डुंबते. ते 'बरं' म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पुढचं काही विचारलं नाही.

खरी लाट वाळूवर नव्हती. खाडीच्या टोकाला टेकडीचं नाकाड पुढे आलेलं, त्याला वळसा घालून पोहत गेलं की पाण्याखाली काळ्या खडकाची एक रुंद पायरी होती. अटलांटिकवरून कुठेही न थांबता आलेली लाट तिथे पहिल्यांदा अडखळते, उभी राहते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश उलगडत फुटते. भरती अर्धी झाल्यावरच जायचं, कारण त्याआधी खडकाचे दात वर असतात. बाजूला खोल पाण्याची चिंचोळी वाट आहे, तिची ओढ तुम्हाला आपोआप बाहेर नेते. मग तिथे बोर्डवर बसून वाट बघायची. हातमोज्यांतही बोटं बधिर, डोक्यावर समुद्रपक्षी, आणि मैलोन् मैल कुणी नाही. लाट आली की जीव खाऊन हात मारायचे, आणि बोर्ड स्वतःहून सुटला की उभं राहायचं. खाली, अगदी हात घातला तर लागेल असा, काळा खडक सरकताना दिसतो. अवघे काही क्षण. पण तेवढ्यात मला कुणाची आठवण यायची नाही. एरवी दिवसभर कुणाची ना कुणाची येत असायची. मला ते इतकं आवडायचं की रात्री अंथरुणातही पाय बोर्डवर ठेवल्यासारखे वाकडे करून झोपायची. आता म्हणे त्या खडकावर रोखून कॅमेरा बसवलाय. हाउन्सलोहून माझी लेक फोनवर लाट बघते आणि मला कळवते, "आई, तुझा रॉक आज फ्लॅट आहे." म्हणजे लाट नाही. काय जमाना आलाय!

बेटाची एक जुनी रीत होती. पाण्यात जाणारा कुणीही, मग तो लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांसाठी होडी काढणारा असो की पोहणारा, खाडीवरच्या दगडी भिंतीवर आपले बूट काढून ठेवायचा, टोकं समुद्राकडे करून. परत आला की ते घालून घरी. बूट भिंतीवर आहेत म्हणजे माणूस पाण्यात आहे. उजेड उतरायला लागला आणि बूट तिथेच आहेत म्हणजे हातातलं टाकून होडी काढायची. कुणाच्याही बुटांना दुसरं कुणी हात लावत नाही. मोरागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो खडक दिसत नसे, पण भिंत दिसायची. त्या भरवशावरच तिने मला शरद ऋतूत एकटीला जाऊ द्यायला सुरुवात केली. "मी घरी असेन तरच जायचं. बूट दिसले की माझा डोळा तिकडे." बेटावरच्या माणसाला ही रीत सांगावी लागत नाही, ती त्याने तान्हेपणीच पाहिलेली असते. डॉक्टरला ती ठाऊक नसेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, अगदी माझ्यासुद्धा.

तो शनिवार होता. पाऊस सकाळपासून लागलेला, पण समुद्र शिस्तीत येत होता. मी बूट भिंतीवर ठेवले, मोरागने खिडकीतून हात केला, आणि मी पाण्यात शिरले. थोड्या वेळाने बाबा पलीकडच्या वस्तीवरून एका म्हाताऱ्याला तपासून गाडीने परत येत होते. त्यांना भिंतीवर काय दिसलं? तर लेकीचे कातडी बूट, पावसात, पाणी भरून चाललेले. असल्या पावसात समुद्रात कुणी जाईल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आपल्याकडे पाऊस लागला की कोळीसुद्धा होड्या ओढून, झाकून ठेवतात. पावसात समुद्र बंद असतो, हे काय कुणी सांगायला हवं? त्यांना वाटलं, पोरगी रबरी बूट चढवून मोरागकडे गेली असणार आणि हे विसरली असणार. त्यांनी बूट उचलले, आतलं पाणी ओतलं, कोटाच्या आत धरले आणि घरी गेले. मोराग तेवढ्यात मेंढ्यांना चारा घालायला मागे गेली होती. परत येऊन बघते तर भिंत रिकामी. तिने म्हटलं, चला, आली बाहेर, गेली घरी. आणि निवांत रेडिओ लावून बसली.

मी मात्र खडकावर होते. एका लाटेवर उशिरा उभी राहिले, तिने मला उचलून खडकावर आपटलं. गुडघा फाटला, घोटा मुरगळला, पायापासून बोर्डला बांधलेला पट्टा तुटला आणि बोर्ड गेला. कशीबशी मी खडकाच्या वर आलेल्या एका उंचवट्यावर चढले. भरती वाढत होती, आणि त्या पायाने ओढीतून पोहून जाणं शक्य नव्हतं. तरी खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बूट भिंतीवर होते ना! मोराग आता बघेल, मग येईल, मग मला शिव्या घालेल. मी शिव्या ऐकायची तयारी करत बसले. पाणी पावलांवर आलं. मग पोटऱ्यांवर. उजेड उतरायला लागला आणि नाकाडावरून कुणीच येईना. हाका मारल्या, त्या वाऱ्याने खाल्ल्या. एका लाटेने पाडलं, परत चढले, दुसरीने पाडलं. तेव्हा मात्र मी भोकाड पसरलं. 'बाबा, बाबा' करून ओरडत होते आणि मनात एकीकडे चाललं होतं की मी गेले तर या माणसाला मोजे कोण जुळवून देणार. मरणाच्या दारात माणसाला मोजे सुचतात, हसायचं तर हसा.

मला वाचवलं ते पिठल्याने. बाबांनी घरी जाऊन बुटांत बोळे कोंबले, ते शेगडीपुढे ठेवले, भात लावला, पिठलं हाटलं आणि मोरागला फोन केला. "मेधाला पाठव आता, जेवण गार होतंय."

मोराग म्हणाली, "ती घरीच आहे ना? भिंतीवर बूट नाहीत."

"बूट मी आणले. भिजत होते बिचारे."

मोराग मला नंतर म्हणाली, "तुझे बाबा किती खुशीत सांगत होते गं ते." तिने रिसीव्हर जागेवर ठेवलासुद्धा नाही, तसाच लोंबकळत टाकून ती त्या गुडघ्यानिशी पळत सुटली. लॉब्स्टरवाल्या दोघा भावांनी होडी काढली. मला त्यांनी ओढून घेतलं तेव्हा पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. खाडीत शिरलो तर समोर बाबा; फोन अर्धवट सुटला तसे ते गाडी काढून भिंतीपाशी आले होते. टाय लावलेले, हातात टॉर्च, छातीइतक्या पाण्यात. ज्या माणसाने जन्मात विहिरीतसुद्धा पाय घातला नाही तो तिथे उभा होता, आणि मोरागने मागून त्यांचा कोट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. होडी जवळ आली तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. मला वाटलं, धीर द्यायला. नंतर कळलं, नाडी बघत होते.

गुडघ्याला टाके त्यांनीच घातले, सर्जरीतल्या टेबलावर. मोरागने त्यांना भिंतीपाशीच सगळं सांगितलं होतं. "मला कुणी सांगितलं नव्हतं," ते एकदाच म्हणाले, माझ्याकडे न बघता. मोराग दारात उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, बेटावरचं बेटावर राहतं. कुणी कुठे बोलणार नाही." ती गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, आईला नका ना सांगू. घसरून पडले म्हणू. अहो बाबा, ऐका ना, ती मला नेईल."

बाबांनी बँडेज पूर्ण केलं, कात्री जागेवर ठेवली. "तू इथे कशासाठी राहिली आहेस?"

मी बँडेजचं टोक चाचपत राहिले.

"माझ्यासाठी. कळतं मला. बरंही वाटतं. संध्याकाळी तुझा पाय दारात वाजला की रोज बरं वाटतं." इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला रडू फुटलं, आणि त्यांनाही, पण त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मला बरं वाटावं म्हणून पोर ठेवून घ्यायची आणि तिच्या आईशी खोटं बोलायचं, हे नाही जमायचं मला, बाळ."

मग ते हॉलमध्ये गेले. मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होते. "सुधा, मेधा बरी आहे, हे आधी ऐक. आता पुढचं ऐक." त्यांनी काहीही गाळलं नाही. आणि मग, "नाही, तिची नाही. चूक माझी आहे. तू ये तिला न्यायला."

आई आली. बोट लगेच फिरणार होती, त्यामुळे ती बेटावर उतरली न उतरली असंच झालं. मला वाटलं होतं धक्क्यावर तमाशा होईल. कसलं काय! तिने बाबांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "बारीक झालात." बाबा म्हणाले, "वारा फार असतो इथे." एवढ्या बोलण्यावर माझ्या आई-वडिलांनी त्या वर्षाचा निकाल लावला. बोट सुटली. बाबा हात हलवत नव्हते, नुसते उभे होते. मी डेकवर लंगडत त्या टोकापर्यंत गेले आणि ते दिसेनासे होईपर्यंत रेलिंग सोडलं नाही. आई मागे येऊन उभी राहिली. माझी गचांडी धरून नेईल असं वाटत होतं, पण तीही तिकडेच बघत होती. बाबा पुढे रिटायर होईपर्यंत त्याच बेटावर राहिले. आम्ही सुट्टीत जायचो, दोघीही, आईसुद्धा. पण तिथे राहायला म्हणून मी परत कधी गेले नाही.

लीड्सला बाबांचा फोन रविवारी यायचा. अभ्यास, जेवण, हवापाणी, झालं. असेच काही आठवडे गेले आणि एकदा ते मधेच म्हणाले, "आज वारा आडवा होता. त्यामुळे ती नीट उलगडत नव्हती." मला आधी कळेचना काय बोलताहेत. "बाबा, तुम्ही खडकाकडे गेला होतात?" "जवळच तर आहे," म्हणाले. मुळीच जवळ नाही. गाडी सोडून टेकडीच्या नाकाडापर्यंत चिखलातून चालत जावं लागतं, आणि वर बसायला आडोसा नाही. पण त्यानंतर दर रविवारी मला खबर मिळायला लागली. कधी सपाट होती, कधी ओहोटीचे दात दिसत होते, कधी एक सील येऊन बघून गेला. शब्द मोरागकडून शिकत असावेत. चुकीच्या जागी वापरायचे आणि मी दुरुस्त करायची. त्या दोन-तीन वर्षांत आम्ही जेवढं बोललो तेवढं एका घरात राहून बोललो नव्हतो.

माझ्या परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांचा फोन नेहमीपेक्षा खूप उशिरा आला. आवाज गारठलेला. म्हणाले, "मोठी होती गं आज. घराएवढी. तू इथे असतीस तर मी तुला जाऊ दिलं नसतं."

"मी गेलेच असते, बाबा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर अंधार पडेपर्यंत थांबलो."